रोज एक खेप: थळचा माळा, खांदेरीचा तट आणि विनोबांची रजा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलतानाची वळणं थोडी तशीच ठेवली आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, यात इतिहास कुठे आला? विषय आहे घरातली अडगळ आणि मनात राहून गेलेली कामं. हे दोन वेगळे विषय वाटतात, पण आपल्या घरात जरा नजर फिरवून बघा. पेटी शिकायची होती, ती पेटी कपाटावर आहे. शिवण शिकायचं होतं, मशीन कोपऱ्यात आहे आणि त्याच्यावर इस्त्रीचे कपडे पडलेत. जर्मन शिकायचं होतं, पुस्तकं पलंगाखाली. म्हणजे आपली अर्धी अडगळ ही अडगळ नाहीच, ते आपले संकल्प आहेत. त्यांना घरात जागा मिळाली, दिवसात वेळ मिळाला नाही. उरलेली अर्धी आली ती 'असू दे, लागेल कधीतरी' असं म्हणत. दोन्हींच्या मुळाशी शब्द एकच: कधीतरी.

या 'कधीतरी'चं काय करायचं, हे सांगणारी पुस्तकं आणि व्हिडिओ आता पुष्कळ आहेत. मला त्याच्याकडे इतिहासातून बघायचंय. आणि त्यासाठी फार लांब जायचं नाहीये. थळच्या किनाऱ्यापासून पेण तालुक्यापर्यंत, एवढ्याच टापूत आपल्याला लागणारी माणसं भेटतात.

माळा उघडायची तारीख

थळ म्हणजे अलिबागच्या उत्तरेचं किनाऱ्यावरचं गाव. कोळीवाडा, नारळ-पोफळीच्या वाड्या, समोर समुद्रात उंदेरी आणि खांदेरी ही दोन बेटं, आणि १९८०च्या दशकापासून खताचा मोठा कारखाना. आमचं घर वाडीतलं. यंदा ते घर हलकं करायचं काम माझ्याकडे आलं. आईचे गुडघे आता शिडी चढू देत नाहीत. माळ्याच्या तुळयांना वाळवी लागली आहे. सुतार येऊन बघून गेला आणि म्हणाला, "माळा रिकामा करून द्या, मगच हात लावतो." दिवाळीपर्यंतची मुदत त्याने दिली.

माळ्यावर काय नव्हतं! दोन घंगाळं, बुडाला भोक पडलेला हंडा, रॉकेलचे तीन स्टो, मिक्सरची, पंख्याची, टीव्हीची रिकामी खोकी, लग्नांत आलेल्या स्टीलच्या परातींची चळत, काकाचं बुलबुलतरंग, आत्याची भरतकामाची अर्धवट चादर, सुईसकट. आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत, नॅप्थलीनच्या वासात, लाल कापडाच्या दोन रुमालांत बांधलेले मोडी कागद. ते घरात कुणालाच वाचता येत नाहीत. आई म्हणाली, "तुझे आजोबा जपायचे. का जपायचे, ते मला नाही माहीत." या रुमालांकडे मी पुढे येणारच आहे.

मला प्रश्न पडला तो असा, की आजीच्या काळी हाच माळा असा तुंबलेला का नव्हता? ती माणसं काही आपल्यापेक्षा जास्त विरक्त नव्हती. उलट एकेक सुतळी गुंडाळून ठेवणारी होती.

उत्तर घराच्या छपरात आहे. कोकणातली जुनी घरं आधी गवताची, पेंढ्याची किंवा देशी नळ्यांची. पुढे बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि ती मंगलोरी कौलं हळूहळू किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. छप्पर कुठलंही असो, मे महिन्यात घर शाकारावंच लागे. गडी वर चढत, कौलं काढून, झाडून पुन्हा बसवत. वरून माती, पालापाचोळा, सरडे, सगळं खाली माळ्यावर पडणार. म्हणून त्याच्या आधी माळ्यावरची प्रत्येक वस्तू अंगणात यायची. वर्षातून एकदा, न चुकता. आता अंगणात उन्हात पडलेली वस्तू पुन्हा वर चढवायची, तर ती कुणाच्या तरी हाताने चढवायची असते. तिथेच निवाडा व्हायचा. मोडकं लाकूड बंबात. फाटकी लुगडी गोधडीत. तांब्या-पितळेची भांडी कल्हईला, फुटकी मोडीत. उरलेले कपडे बोहारणीला. मग आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, जिन्नसं वर जायची: सुकी मासळी, मीठ, मिरच्या, कोकमं, गोवऱ्या. त्यांना जागा हवीच असायची.

मग घरावर स्लॅब पडला. गळती थांबली, शाकारणी थांबली, आणि कुणाच्या लक्षातही न येता माळा उघडण्याची तारीख पंचांगातून गेली. त्याच्या आधीच शहरांतून पोलादी कपाटं येऊ लागली होती. गोदरेजने ती बनवायला १९२३ साली सुरुवात केली. कपाटाचा दरवाजा लावला की आतलं दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचा निवाडाही होत नाही.

कोळीवाड्यात बघा, तिथे ही तारीख अजून शिल्लक आहे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते, आणि जुन्या रिवाजाने होडी नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यात जाते. होड्या वर ओढल्या जातात, झाकल्या जातात. जाळी अंगणात पसरतात. कुठलं जाळं दुरुस्त होईल आणि कुठलं टाकायचं, ते याच दिवसांत ठरतं. एरवी रात्री-अपरात्री भरतीच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाला वेळ कुठून मिळतो? मिळत नाही. समुद्र तो काढून देतो.

माझा मुद्दा एवढाच आहे. जुन्या माणसांना वेळ जास्त नव्हता. बायकांना तर नव्हताच. त्यांच्या कामांना तारीख होती, ती पावसाने आणि समुद्राने दिलेली. आपण पाऊस घराबाहेर थांबवला, हे चांगलंच झालं. पण त्याने जी तारीख दिली होती, ती आता आपली आपल्यालाच द्यावी लागते.

समोरचं बेट

बरं, तारीख दिली. पण काम डोंगराएवढं असेल तर? माळा बघून माझ्या पोटात गोळाच आला होता. तेव्हा मला समोरच्या बेटाची गोष्ट उपयोगी पडली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती लढाई म्हणून माहीत असेल. मी ती आज कामाची गोष्ट म्हणून सांगते.

खांदेरी बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे. तिथे तट उभा राहिला, तर एकीकडे मुंबईच्या इंग्रजांवर आणि दुसरीकडे जंजिऱ्याच्या सिद्दीवर नजर राहते. शिवाजी महाराजांनी १६७२ साली हे काम काढलं होतं. इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले आणि काम थांबलं. पुढची सात वर्षं ते थांबलेलंच राहिलं. या सात वर्षांत राज्याभिषेक झाला, दक्षिणेची मोठी मोहीम झाली. म्हणजे बेटाचं काम मागे पडलं होतं, पण यादीतून गेलं नव्हतं.

१६७९च्या ऑगस्टअखेरीला ते पुन्हा सुरू झालं. मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसं आणि थोड्याशा लहान तोफा घेऊन बेटावर उतरले. महिना बघा. पावसाळा पुरता सरलेला नाही, समुद्र खवळलेला, मोठी गलबतं बाहेर काढायला कुणी राजी नाही. मोकळा, सोयीचा काळ यायची वाट बघितली असती, तर तोच काळ इंग्रजांच्या जहाजांनाही सोयीचा झाला असता. अडचणीचाच काळ निवडला गेला, असं मला वाटतं.

इंग्रजांनी वेढा घालायला गलबतं पाठवली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. १८ ऑक्टोबरला मोठी झुंज झाली. दौलतखानाच्या हाताखाली मराठी आरमाराची पन्नासच्या वर गलबतं नागावकडून चालून आली. इंग्रजांकडे 'रिव्हेंज' नावाचं मोठं जहाज होतं आणि त्याच्या तोफांपुढे मराठी गलबतांना माघार घ्यावी लागली, पण इंग्रजांचं 'डव्ह' हे गलबत मराठ्यांच्या हाती लागलं. नंतर सिद्दीचं आरमारही इंग्रजांच्या मदतीला आलं.

आता खरी गंमत. समोरासमोरच्या लढाईत मोठी जहाजं भारी होती. तरी बेटावरचं बांधकाम थांबलं नाही. कारण थळ आणि नागावच्या किनाऱ्यावरून रात्रीच्या रात्री लहान होड्या सुटत. वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यातून जाणाऱ्या. वाऱ्यावर अवलंबून असलेल्या जहाजांना त्या अडवता येईनात. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात याच्या तक्रारी आहेत. एक होडी काय नेणार? थोडं धान्य, थोडी दारू, थोडं बांधकामाचं सामान, चार माणसं. पण दुसऱ्या रात्री पुन्हा एक. तिसऱ्या रात्री पुन्हा. जानेवारी १६८०मध्ये इंग्रजांनी तह करून गलबतं मागे घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिलं. सिद्दीने त्याच सुमारास शेजारचं उंदेरी बळकावलं, आणि थळच्या किनाऱ्याला त्याचा त्रास पुढे कितीतरी वर्षं झाला. म्हणजे हिशेब पूर्ण फायद्याचा नव्हता. पण काढलेलं काम झालं होतं.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात खांदेरी आहे. मायनाक भंडारी, दौलतखान ही नावं आपल्यापर्यंत आली. रात्रीच्या खेपा करणाऱ्या थळ-नागावच्या माणसांची नावं आली नाहीत. आणि तट तर त्या खेपांवरच उभा राहिला.

खेप हा शब्द मला फार आवडतो. एका वेळी जेवढं नेता येतं तेवढं, म्हणजे खेप. तिच्यात मोठेपणाचा आव नाही. आज किती काम झालं याचं उत्तर 'एक खेप' असं देता येतं, आणि ते पुरेसं असतं.

गागोद्याचा मुलगा

थळहून पेणकडे निघालं आणि तालुक्यात आत शिरलं की गागोदे लागतं. तिथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे जन्मले. आपण त्यांना विनोबा म्हणून ओळखतो. भूदानाचे विनोबा सगळ्यांना माहीत आहेत. मला आज विशीतले विनोबा हवेत.

पहिली गोष्ट बडोद्यातली. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब तिथे होतं. एक दिवस विनोबा चुलीपाशी बसून कागदांची गुंडाळी विस्तवात धरत होते. आईने विचारलं, तर म्हणाले की शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं आहेत. आईचं म्हणणं, असू दे की, राहिली तर काय बिघडतं? त्यांचं उत्तर असं, की नोकरी करायचीच नाही हे ठरलंय, मग ठेवायची कशाला? पुढे २५ मार्च १९१६ला इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसलेला हा मुलगा सुरतेला उतरून काशीला गेला, आणि ७ जूनला अहमदाबादला कोचरबच्या आश्रमात गांधीजींसमोर उभा राहिला.

प्रत्येकाने प्रमाणपत्रं जाळावीत असं मी मुळीच सांगत नाहीये! पासपोर्ट काढायला लागतात हो. पण आईचा आणि मुलाचा तो संवाद बघा. आई म्हणते ते आपल्या सगळ्यांचं वाक्य आहे: राहिलं तर काय बिघडतं? आणि मुलगा उत्तर देताना वस्तूबद्दल बोलतच नाही. तो स्वतः काय ठरवलंय ते सांगतो. वस्तू ठेवायची की नाही, हे वस्तूकडे बघून कळत नाही. आपण काय करणार आहोत हे ठरलं, की कळतं. काकाचं बुलबुलतरंग माळ्यावर राहिलं ते जागा होती म्हणून नाही. 'आता मी हे वाजवणार नाही' असं कुणी म्हटलं नाही, म्हणून.

दुसरी गोष्ट वाईची. आश्रमात येऊन वर्ष होतं न होतं तोच, १९१७ साली, विनोबांनी गांधीजींकडून एक वर्षाची रजा घेतली. प्रकृती सुधारायची आणि वेदान्ताचा अभ्यास पुरा करायचा. वाईला नारायणशास्त्री मराठ्यांकडे ते उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकले. पण त्या वर्षाचा जो हिशेब त्यांनी फेब्रुवारी १९१८मध्ये गांधीजींना पत्राने कळवला, तो वाचण्यासारखा आहे. मुलांना गीता शिकवली, ज्ञानेश्वरीचे काही अध्याय शिकवले. गावोगाव गीतेवर प्रवचनं केली. चारेकशे मैल पायी फिरले, त्यात किल्ले पाहिले. विद्यार्थ्यांचं मंडळ काढलं, वाचनालय काढलं, आणि त्याच्या खर्चासाठी मुलांबरोबर जात्यावर दळण दळलं. काय खाल्लं, काय सोडलं, व्यायाम किती, तेही त्यात आहे. आणि वर्ष संपल्यावर ते ठरल्या दिवशी आश्रमात हजर झाले.

आता यात मला महत्त्वाचं काय वाटतं? त्यांनी वेळ 'काढला' नाही, वेळ मागून घेतला. ज्याच्याकडे आपलं काम बांधलेलं आहे, त्याच्याकडून, मुदत सांगून. आणि मुदतीनंतर हिशेब दिला. आपण आपल्या आवडीच्या कामासाठी घरात कुणाकडे अशी रजा मागतो का? रविवारी सकाळी एक तास मला हाक मारू नका, आणि महिन्याने मी तुम्हाला दाखवीन काय केलं ते, असं?

तुम्ही म्हणाल, ब्रह्मचारी माणसाचं काय घेऊन बसलीस! ना पोरांचे डबे, ना गॅस, ना पाहुणे. अगदी बरोबर. म्हणून तिसरी गोष्ट त्यांच्या आईची, रुक्मिणीबाईंची.

रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख अक्षता वाहायचं व्रत घेतलं होतं. घरचं सगळं करून त्या रोज थोडे तांदळाचे दाणे मोजायच्या. वडील शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी सुचवलं, एक तोळा तांदूळ मोज, त्यात किती दाणे ते काढ, आणि लाखाचे तोळे करून टाक, थोडे जास्त घाल. गणित चोख होतं. आईला उत्तर सुचेना, तेव्हा मुलगा म्हणाला की हे तांदळाचं गणित नाही, एकेक दाण्याबरोबर चित्त देवापाशी जातं, त्यासाठी मोजायचं. आता मी आपला साधा हिशेब केला. रोज तीनशे दाणे मोजले, तर लाखाला साधारण अकरा महिने लागतात. पाच-सहा मुलांच्या नव्हे, एका मुलाच्या घरातसुद्धा ज्या बाईला स्वतःची अशी दहा मिनिटं मिळत नाहीत, तिने अकरा महिने रोज स्वतःची थोडी वेळ राखली असेल, तर ती कशी? मला वाटतं, ते व्रत होतं म्हणून. व्रताच्या वेळेला घरात कुणी हात लावत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी स्वतःसाठी वेळ राखायला हीच एक भिंत बांधली होती. आपल्याकडे देव असेल-नसेल, भिंत लागतेच.

याच आईने १९१५च्या सुमारास मुलाकडे गीता मराठीत मागितली. संस्कृत प्रवचन तिला समजत नव्हतं. मुलाने एक-दोन मराठी गीता आणून दिल्या, त्याही तिला अवघड गेल्या. मग ती म्हणाली, तूच का करत नाहीस? पुढे १९१८ साली, इन्फ्लुएंझाच्या साथीच्या वर्षी, ती गेली. काम राहिलं. बारा वर्षं राहिलं. ७ ऑक्टोबर १९३०ला विनोबांनी 'गीताई' लिहायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ला पूर्ण केली. दिवस मोजा, एकशे तेवीस होतात. गीतेचे श्लोक सातशे. म्हणजे दिवसाला सरासरी सहा श्लोकसुद्धा नाहीत. पंधरा वर्षांपूर्वीचं मागणं, रोज पाच-सहा श्लोकांच्या खेपेने पूर्ण झालं. ज्या बाईने मागितलं, तिला ते ऐकता आलं नाही. हे मला दरवेळी लागतं. 'कधीतरी' या शब्दाची किंमत असेल, तर ही.

काय टाकू नये

इथे माझ्यातली इतिहासवेडी जागी होते आणि म्हणते, थांब. सगळंच बाहेर काढत सुटलीस, तर?

कारण पेण तालुक्याचं आणखी एक गाव आहे, वरसई. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं गाव. विनोबांनी कागद जाळले, राजवाड्यांनी आयुष्यभर कागद जळण्यापासून वाचवले. त्यांच्या काळी जुन्या वाड्यांतली दप्तरं वाळवी खात होती, पावसात भिजत होती, किराणा दुकानांत पुड्या बांधायला जात होती. राजवाडे गावोगाव फिरले, माळ्यांवर चढले, लोकांच्या विनवण्या केल्या. वाईला त्यांना जे कागद मिळाले, त्यांतून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड निघाला: १७५० ते १७६१ची पत्रं, म्हणजे थेट पानिपतापर्यंतची. असे बावीस खंड त्यांनी काढले. १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. पानिपताबद्दल आज आपण जे बोलतो, त्यातलं कितीतरी कुणाच्या तरी अडगळीतून आलंय.

मग विनोबा बरोबर की राजवाडे? मला दोघे एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. विनोबांनी जाळलं ते स्वतःचं होतं. तो हक्क त्यांचा. राजवाडे वाचवत होते ते पिढ्यांचं होतं, आणि ते टाकायचा हक्क ज्याच्या माळ्यावर ते पडलंय त्या एकट्याचा नसतो. माझी प्रमाणपत्रं, माझ्या वह्या, माझ्या साड्या यांचा निवाडा मी पाच मिनिटांत करू शकते. आजोबांच्या रुमालांचा नाही करू शकत. पण 'नाही करू शकत' म्हणून पुन्हा ट्रंकेत ठेवले, तर वाळवी करेल. ठेवायचं म्हणजे नुसतं ठेवायचं नसतं, वाचायचं असतं, नाहीतर वाचणाऱ्याच्या हाती द्यायचं असतं. आत्याच्या चादरीचंही तेच: मी ती आत्यालाच विचारलं. ती म्हणाली, "सुई काढून दे मला. चादर तू ने." आता ती चादर, अर्धीच, माझ्या टेबलावर अंथरलेली आहे.

खेपेचा हिशेब

तर आमच्या घरी काय ठरलं, ते सांगते, आणि त्यातलं तुमच्या कामाचं असेल ते उचला.

तारीख सुतारानेच दिली होती: दिवाळी. म्हणून मी उलटे रविवार मोजले. पंधरा दिवसांतून एकदा थळला जायचं, आणि प्रत्येक वेळी माळ्यावरून एकच खेप खाली आणायची. दोन माणसांनी एका वेळी उचलावं एवढंच. खाली आलेली वस्तू पुन्हा वर जाणार नाही, हा नियम. अंगणात आई खुर्चीवर बसते आणि निवाडा करते, कारण घर तिचं आहे. भंगारवाला त्याच दिवशी बोलावलेला असतो. स्टो, खोकी, हंडा गेले. एक घंगाळ आईने ठेवलं, त्यात आता कमळ लावणार म्हणते. सहा खेपा झाल्यात, अजून साधारण तेवढ्याच राहिल्यात.

दुसरं, रुमाल. मोडी पूर्वी शाळेत शिकवत, गेल्या शतकात ती मागे पडली. पण राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे आजही तिचे वर्ग चालतात, पुस्तकं मिळतात. मी रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं मोडीची मागून घेतली आहेत. घरच्यांना सांगून, मुदत घालून: वर्षाअखेर पहिला कागद वाचून दाखवीन. लेखणी न उचलता लिहिलेली ती अक्षरं आधी मुंग्यांच्या रांगेसारखी दिसायची. आता एकेक शब्द सुटायला लागलाय. 'नारळ' सुटला. मग 'सुपारी'. मग 'बाकी'. म्हणजे वाडीचा हिशेब आहे, निदान वरचा कागद तरी. पानिपत नाही निघालं आमच्या ट्रंकेतून! पण कुणीतरी कुणाला काहीतरी देणं होतं, ते फेडलं की राहिलं, हे मला वाचायचंय. आणि आई ऐकायला असताना वाचायचंय. म्हणूनच ती वीस मिनिटं मी दुसऱ्या कशाला देत नाही.

तुमच्या घरातही एखादी अशी वस्तू असेल, जिला जागा आहे पण वेळ नाही. या आठवड्यात तिच्याबद्दल एवढंच करा. 'मी हे करणार आहे' की 'मी हे करणार नाही', यातलं एक वाक्य मोठ्याने घरात म्हणा. करणार नसाल, तर ती ज्याला हवी आहे त्याच्याकडे पोचवा. करणार असाल, तर तारीख घाला आणि आजची खेप तेवढी करा. किती झालं असं कुणी विचारलं, तर सांगायचं, एक खेप.

पुढच्या भागात आपण थळच्याच समुद्रातून दक्षिणेकडे, कुलाबा किल्ल्यावर कान्होजी आंग्र्यांकडे जाणार आहोत. तोवर ऐकत राहा, वाचत राहा, आणि तुमच्या माळ्यावर मोडी कागद निघाले, तर रद्दीत देण्याआधी जवळच्या अभिलेखागारात किंवा इतिहास संशोधक मंडळात एकदा विचारा. नमस्कार!